बंद दुकानाचा संकेतांक

पोटासाठी माणसं जगात जे जे काही करतात, त्या प्रत्येकाला सरकारनं एक आकडा दिलेला आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं आणि तेव्हापासून माझ्याबरोबर रस्त्यानं चालणं मित्रांना नकोसं झालं. ऐंशीच्या दशकाचा तो मध्य. रत्नागिरीत आकडेवारी गोळा करणाऱ्या एका कचेरीत मी कनिष्ठ कारकून म्हणून चिकटलो होतो. पहिल्याच आठवड्यात हातात एक पुस्तक पडलं. उद्योगधंद्यांचं वर्गीकरण. कादंबरी वाचावी तसं मी ते वाचून काढलं. कातडी कमावणाऱ्याला एक संकेतांक, चपला शिवणाऱ्याला दुसरा, चपला विकणाऱ्याला तिसरा. बर्फ करणारा आणि बर्फात मासे घालून विकणारा, दोघं धक्क्यावर एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे असले तरी पुस्तकात त्यांची बिऱ्हाडं लांब लांब होती.

मग काय! डोळ्यांना दुसरं काही दिसेना. केस कापायला गेलो की विचारायचो, "तुम्ही ह्या खोबरेल तेलाच्या बाटल्या ठेवल्यात, त्यातून जास्त मिळतं की दाढ्यांतून?" न्हावी वस्तरा माझ्या गळ्याशी थांबवून म्हणायचा, "कशाला?" एकदा आईला समजावून सांगितलं की, तू पापड घरच्यासाठी लाटतेस म्हणून तुला संकेतांक नाही, विकलेस तर मिळेल. त्या दिवशी जेवणात पापड नव्हता.

अशात किरकोळ दुकानांची पाहणी निघाली. एका शाळेत, मुलांच्या बाकांवर गुडघे अडकवून आम्ही प्रशिक्षण घेतलं. नियम सोपा होता. दुकानात एकच माल असेल तर प्रश्नच नाही. दोन-तीन धंदे एकाच छपराखाली असतील तर ज्याच्यातून जास्त उत्पन्न येतं तो मुख्य धंदा आणि त्याचाच संकेतांक लिहायचा. मालकाला विचारा. मालकाला सांगता आलं नाही तर स्वतः बघून ठरवा. ह्या 'बघून ठरवा'वर मी भाळलो. बाकीचे घाम पुसत होते. मी मात्र मनातल्या मनात दुर्बीण पुसत होतो.

माझ्या वाट्याला राजापूर तालुक्यातली गावं आली. त्यातलं एक नाटे बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर. सगळीकडे काळा जांभा, मध्येच काजूची खुरटी झाडं, आणि जिथं एसटी थांबते तिथं एक दुकान. गावात तेवढंच.

दुकान एका काकींचं होतं. चाळिशीच्या, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याकडे न बघता वजनाच्या काट्याकडे बघणाऱ्या. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते. संप झाला, गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, आणि काका वळकटी घेऊन गावी परतले. मनीऑर्डर यायची बंद झाली आणि घर दुकानावर आलं. हे सगळं मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, कारण बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं ते मी न विचारता सांगितलं. काका तेव्हा कोपऱ्यात स्टोव्हला पंप मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी दुकान न्याहाळत राहिलो. एका खणाची जागा! खाली तांदूळ, डाळ, साखर, मीठ यांची पोती. मागे राकेलचं पिंप. वरच्या दोरीला कंदिलाच्या काचा, केरसुण्या, सुतळीचे गुंडे आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटा. फळीवर शाळेच्या वह्या, डोकेदुखीच्या गोळ्या, खिळे, उदबत्त्या, नाट्याहून आलेल्या सुक्या बांगड्याची टोपली आणि तिच्यापासून शहाण्यासारखी दूर ठेवलेली कापराची डबी. आणि उजव्या अंगाला एक बाक, एक स्टोव्ह आणि काचेचे ग्लास. इथं चहा मिळे.

माझं डोकं भणाणलं. पुस्तकात मोठ्या शहरांतल्या त्या दुकानांसाठीही जागा होती, जिथं एका छपराखाली सगळं मिळतं. मालाची विविधता बघितली तर ह्या दुकानाला तीच जागा शोभली असती. पुढे आमच्या पर्यवेक्षकांना मी हे खरोखर विचारलं. ते म्हणाले, "तिथं लिफ्ट आहे काय?"

मी फॉर्म काढून काकींना विचारलं, "धंदा कोणता?"

"किराणा."

"आणि हा चहा?"

"तो ह्यांचा. रिकामे बसवत नाय म्हणून."

"मग जास्त उत्पन्न कशातून? किराण्यातून की चहातून?"

काकींनी फळीखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत सुट्टी नाणी नि चुरगळलेल्या नोटा. "सगळा ह्याच्यातच पडतो, सायेब. तांदळाचा रुपया कुठला नि च्याचा कुठला, तुमीच वळखा."

बघून ठरवायची वेळ आली होती. मी जाहीर केलं, "मी आज दिवसभर इथं बसतो आणि बघतो." काकींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. दुकानाच्या पोत्यांत भरीला आणखी एक आल्यासारखं.

मी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे किराणा, उजवीकडे चहा. गिऱ्हाईक आलं की खूण.

आता आमच्याकडच्या गावाची एक रीत आहे. एसटीतून उतरलेला परका माणूस परत एसटीत बसेपर्यंत गावाचा असतो. तो कुणाचा, कुठला, कुणाच्या घरातला, लग्न झालंय की नाही आणि नसेल तर का नाही, हे सगळं काढून घ्यायचं, पण कोरडं नाही. आधी चहा. पहिल्या म्हाताऱ्यानं हाक दिली, "रे, सायबांना च्या दे!" आणि पाहुण्याला एकट्यानं पाजायचं नसतं म्हणून स्वतःही घेतला. तेवढ्यात शाळेचे गुरुजी आले. त्यांनी मला पाजला, म्हाताऱ्यालाही पाजला. मग पोस्टमन. मग बौद्धवाडीतले एक गृहस्थ, जे तालुक्याला शिपाई होते आणि सरकारी माणूस भेटला म्हणून खुशीत होते. त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना पाजला.

"कुठल्या खात्यातले तुमी?"

"आकडेवारीचे."

"म्हणजे वसुली नाय ना?"

"नाही, नाही."

"मगे घ्या अजून एक!"

हे प्रत्येकाबरोबर झालं. आणि मी मूर्ख, प्रत्येक ग्लासागणिक उजवीकडे इमानदारीत खूण करत होतो. माझ्या ग्लासाचीसुद्धा! डावी बाजू बिचारी रिकामी. कुणी मूठभर मीठ नेलं, कुणी काडेपेटी. उजवी बाजू दुपारीच पानाखाली उतरली, पाठपोट झाली. काकांना स्टोव्ह बंद करायला फुरसत नव्हती. मला वाटलं, वा, काय सत्य हाती लागलंय! वर पोती मांडून बसलेलं हे दुकान आतून खरं हॉटेल आहे, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

संध्याकाळच्या गाडीला चढताना संकेतांकाच्या चौकटीत मी चहाच्या दुकानाचा आकडा लिहिला. काका म्हणाले, "काय लिवलात, सायेब?" मी म्हणालो, "जे दिसलं ते." केवढा रुबाब! घाटात गाडीनं वळण घेतलं आणि पोटात सगळ्या गावाचा पाहुणचार एकदम उसळला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत गेलो. आमच्या पाहणीचे तिथले पर्यवेक्षक म्हणजे पुरवठ्याचं काम बघणारे तिथलेच एक कारकून. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पानाचा तोबरा आणि चष्मा कपाळावर. समोरचं बघायचं नसलं की डोळ्यांवर घेत. त्यांनी माझा कागद बघितला.

"हॉटेल?"

"हो. दिवसभर बसून मोजलंय."

"अरे, ह्या बाईचा रेशन दुकानासाठी अर्ज आहे माझ्याकडे. त्या गावाला रेशन दुकान मंजूर झालंय. आधीपासून किराणा दुकान चालवणाऱ्याला द्यायचं, अशी अट आहे. अर्जावर ती लिहिते किराणा, तू लिहितोस हॉटेल. दोन्ही कागद माझ्याच टेबलावर. मी साहेबांपुढे काय ठेवू?"

"पण ह्या पाहणीचा कुणाच्या परवान्याशी संबंध नसतो, असं प्रशिक्षणात—"

"संबंध नाही. पण मला विचारलं की दुकान कसलं, तर मी खोटं सांगू? बघून आलेला माणूस तू एकटाच." त्यांनी सड्याखालचं गाव दाखवावं तसा हवेतच हात केला. "तिला नाही मिळालं तर खालच्या गावातल्या दुकानाला जाईल. तिचं गिऱ्हाईक मग तिकडेच. राकेलला गेलेला माणूस डाळ तिथूनच घेऊन येतो. काय उरेल तिच्याकडे?"

मी खुर्चीत ताठ बसलो. "भाऊसाहेब, मी आकड्यांना बांधील आहे."

"बरं." भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चहा घेणार?"

"नको! काल फार झाला."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणजे आता ते मला बघत होते. "किती?"

माझ्या कागदावरच्या उजव्या बाजूकडे माझीच नजर गेली. त्या खुणांतून माझ्या खुणा वजा केल्या, मला पाजणाऱ्यांच्या वजा केल्या, मला बघायला आल्यामुळे बसलेल्यांच्या वजा केल्या. काय उरलं ते सांगण्यासारखं नव्हतं. मी हॉटेल मोजलं नव्हतं. मी स्वतःला मोजलं होतं.

"पुढच्या आठवड्यात अर्जांची छाननी आहे," भाऊसाहेब म्हणाले. "त्याआधी नीट बघून ये. आणि थर्मास घेऊन जा."

बातमी माझ्याआधी पोचली. कशी, ते विचारू नये. तालुक्याला असलेले ते शिपाई, एसटीचा कंडक्टर, पोस्टमन, एवढ्या वाटा असताना बातमीनं थांबावं तरी कशाला? मी उतरलो तर दुकानाचं रूप पालटलेलं. बाक उलटा करून भिंतीशी ठेवलेला. स्टोव्ह नाही, ग्लास नाहीत. जिथं चहाचं पातेलं असे तिथं गुळाची ढेप, हार घालायची बाकी.

"काका, वायच चहा मिळेल?" मी विचारलं. घसा खरंच सुकला होता.

"च्या?" काका म्हणाले, जणू मी दारू मागितली. "आमच्यात मिळत नाय."

आणि गिऱ्हाइकांची ही रीघ! अर्ध्या तासात एवढे तांदूळ गेले की गावात लग्न असावं. मी खुणा करत होतो, आता डावीकडे. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की, तांबडं ठिगळ लावलेली एक पिशवी सारखी दिसतेय. म्हातारा ती भरून घेऊन गेला. मग गुरुजी तीच भरून घेऊन गेले. मग पोस्टमन. मी लघवीच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेलो. तिथं मागच्या दारी म्हातारा पिशवीतले तांदूळ पुन्हा पोत्यात ओतत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"निवडायला आणले होते," म्हातारा म्हणाला.

"खडे निघाले?"

"तुमच्या नशिबानं नाय निघाले."

परसात काका माडाच्या बुंध्याशी बसले होते. स्टोव्ह त्यांच्या शेजारी गोणपाटाखाली झाकलेला, पंपाची दांडी मात्र बाहेर. मी जाऊन बसलो. आजवर एखाद्याच वाक्यावर भागवणारा माणूस तेव्हा मोकळा बोलला.

"सायेब, ही च्या माझी हाय. तिची नाय. मी आलो तवा दुकान निस्ता किराण्याचाच होता. वीस वर्सां गिरणीच्या गेटावर सकाळी च्या पिऊन आत गेलो. इथं आलो नि सकाळी उठून जायचा कुठं? म्हणून स्टोव्ह मांडला. लोक बसतात, बोलतात. मला वाटतंय, मी पण काय करतोय." त्यांनी गोणपाट ओढून दांडी झाकली. "आता त्या स्टोव्हापायी तिचा रेशन गेला तर ती काय बोलायची नाय. हाच वांदा हाय. ती बोलत नाय."

आतून काकींचा आवाज आला. "काय चाललाय तिकडं? सायबांना काय खोटा सांगू नका!"

"खरा सांगतोय गो!"

"ता पण नको!"

मी दुसरा कागदही घेऊन परतलो. पहिल्या दिवशी गावानं पाहुणचारानं खोटं केलं, दुसऱ्या दिवशी तांदळानं. मला मात्र आता ह्या प्रश्नानं पछाडलं होतं. ते दुकान खरोखर काय आहे? मी नसताना ते काय असतं? आणि मी नसताना ते बघायचं कसं? रत्नागिरीत रात्री जेवताना मी हे वडिलांना विचारलं. ते पोस्टात होते. म्हणाले, "तू नसताना सगळं बरंच असतं." त्यांचा काही विषयाशी संबंध नव्हता.

छाननीच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा जायचं असं मी ठरवलं आणि नेहमीप्रमाणे वार चुकलो. कचेरीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान गेल्या महिन्याचं होतं, ते कुणी फाडलं नव्हतं. फाडायचं काम माझंच होतं. मी सकाळी सड्यावर उतरलो, गाडी धूळ उडवून नाट्याकडे निघून गेली, आणि समोर दुकानाला कुलूप.

म्हातारा ओट्यावर बसला होता. "सायेब, आज तालुक्याला गेली ना दोघंजणं! छाननी आज हाय."

"आज? उद्या ना?"

"आज. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेली. नवं लुगडं नेसून." त्याला माझी कीव आली. "तुमची परतीची गाडी आता दुपारीच."

काय करणार? बसलो. ऊन चढलं, जांभा तापला. आणि मग लोक येऊ लागले.

एक बाई राकेलचा डबा घेऊन आली. कुलूप बघून म्हणाली, "अगो बाई!" आणि तशीच उभी राहिली, जणू कुलूप लाजून उघडेल. रात्रीला दिव्यात घालायला घरी नव्हतं. मग एका घरात बारसं होतं, तिथल्या आजी साखरेला आल्या. मग गुरुजी, खडूचा डबा हवा म्हणून. ते खडूही तिथूनच नेत, हे मला त्या दिवशी कळलं. एक माणूस कौलं परतत होता, त्याला खिळे हवे होते. तो अर्धं छप्पर उघडं टाकून आला होता आणि आभाळाकडे नाही तर माझ्याकडे रागानं बघत होता. मीठ, डाळ, डोकेदुखीची गोळी. चहाची पूडसुद्धा! प्रत्येक जण आला, हळहळला, रिकाम्या हातानं गेला. मला कुणी विचारलं नाही, कुणी नाटक केलं नाही. बंद दुकानापुढे कशाला नाटक करायचं?

चहा प्यायला कोण आलं? कुणीच नाही, असं नाही. रोजचे तिघं-चौघं आले, कुलूप बघितलं आणि बसले. गप्पा मारल्या. मग म्हातारा उठून घरी गेला आणि सुनेनं केलेला चहा तांब्यातून घेऊन आला. "च्या काय, घरात पण हाय," तो मला ओतून देत म्हणाला. "मीठ घरात नाय ना!"

मी ग्लास हातात धरून उभाच राहिलो. सगळं इथंच होतं! दुकान उघडं असताना लोक काय घेतात हे मी मोजत बसलो होतो. दुकान बंद असताना लोक कशावाचून परत जातात हे बघायला मला वार चुकावा लागला.

आणि मग आठवलं, छाननी आज आहे.

दुपारची गाडी पोचेपर्यंत छाननी आटपली असती. मी रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. नाट्याहून सुकी मासळी घेऊन एक टेम्पो येत होता, त्याला हात केला. पुढे जागा नव्हती. मागे बांगड्यांच्या टोपल्यांत मला मासळीशेजारी मासळीसारखा बसवला. त्या प्रवासात मासळीच्या घाऊक व्यापाराबद्दल मला जी माहिती मिळाली ती पुस्तकात नाही.

कचेरीच्या ओसरीवर काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवं लुगडं, हातात पिशवी. काका तीन पावलं दूर, हात मागे बांधून, गिरणीच्या गेटावर उभं राहावं तसे. मला बघून दोघांचेही चेहरे पडले. मी जवळ गेल्यावर नाकंही.

आत भाऊसाहेब कागद लावत होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला. "आता मासळीचं दुकान काढलंस काय?"

"भाऊसाहेब, किराणा. ते दुकान किराण्याचं आहे."

"आज मोजलंस?"

"हो."

"आज ते दोघं इथं बाहेर उभे आहेत. दुकान उघडलं कुणी?"

"बंद होतं."

भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे मी संपलो होतो. "बंद दुकानाचं उत्पन्न शून्य. कुठल्या नियमात बसवू?"

मग मी जे बोललो ते मला नीट आठवत नाही. राकेलचा डबा, बारशाची साखर, उघडं छप्पर, खडू, मीठ, सगळं उलटसुलट सांगितलं. म्हाताऱ्याच्या सुनेचा तांब्याही सांगितला. दार उघडं होतं आणि माझा आवाज पहिल्यापासून मोठा. ओसरीवरचे दोघं दाराशी सरकले होते. शेवटी मी म्हणालो, "पहिल्या दिवशी जे हॉटेल होतं ते मी होतो. मला काढलं की किराणा उरतो."

भाऊसाहेबांनी उठून खिडकीबाहेर पिंक टाकली. मग त्यांनी जुना कागद माझ्यापुढे सरकवला. "खोड, सही कर, कारण लिही. कारणात तांब्या लिहू नकोस." मी खोडलं. किराण्याचा आकडा लिहिला. हाताचा वास कागदाला लागला तो कायमचा.

संध्याकाळी साहेबांनी अर्ज मंजूर केला. बाहेर आल्यावर काका पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "चला सायेब, वायच च्या घेऊ." काकी म्हणाल्या, "नको तो शब्द!" तरी गेलो. कचेरीसमोरच्या टपरीत काकांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरला आणि हळूच म्हणाले, "पानी हाय." काकींनी आपला ग्लास त्यांच्याकडे सरकवला. तोही ते प्यायले.

दशक संपता संपता पुन्हा एक मोठी गणती निघाली. तोवर मी पर्यवेक्षक झालो होतो, भाऊसाहेबांसारखा चष्माही लागला होता. सड्यावरच्या त्या गावाला एक नवीन मुलगी प्रगणक म्हणून गेली होती, हुशार, माझ्यासारखीच पुस्तक वाचून काढलेली. ती कपाळाला आठ्या घालून आली.

"सर, रेशन दुकान आहे, किराणा आहे, पण सगळे चहाच पितात. राकेलची रांग वाडीपर्यंत जाते, आणि रांगेतले लोक उभे राहून चहा घेतात. काय लिहू?"

मी चष्मा कपाळावर घेतला. मला एवढ्या वर्षांत हे विचारायची संधी कुणी दिली नव्हती. "तू किती प्यायलीस?"

"मी?" ती चिडली. "मला मिळालाच नाही. मी मागितला तर चहावाले काका म्हणाले, रांगेत उभी राहा."

मी उडालोच. सरकारी माणसाला ज्या गावात चहा मिळत नाही, तिथला चहा खरा. मग मी मुद्दाम तिच्याबरोबर गेलो. काकी वजनाच्या काट्यामागे होत्या, समोर रांग. उजवीकडे आता दोन बाक, मोठा स्टोव्ह, आणि काका घामाघूम.

"काका," मी म्हणालो, "ही पोरगी विचारतेय, दुकान कसलं लिहू? किराणा की हॉटेल?"

काकांनी काकींकडे बघितलं. काकींनी राकेलचं माप ओतता ओतता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "ह्यांना काय हवा तो लिवा. आता काय अडत नाय."

काकांनी ग्लासांचं ताट उचललं. "हाटेल लिवा," ते म्हणाले. मग ओरडून, रांगेला ऐकू जाईल असं, "हाटेल! आणि सायबांना पयला घेऊ द्या रे, लांबून आलेत!"